नोकरी सांभाळून अर्धवट राहिलेली पदवी कमीत कमी खर्चात कशी पूर्ण करावी?

अपूर्णांक (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ३४ असून मी एका गोदामाच्या हिशेब विभागात पूर्णवेळ नोकरी करतो. तेरा वर्षांपूर्वी मी वाणिज्य शाखेच्या तीन वर्षांच्या पदवीची पहिली दोन वर्षे सर्व विषयांसह उत्तीर्ण झालो होतो. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात दोन विषय सुटले, दोन राहिले, आणि त्याच सुमारास घराचा भार अंगावर आल्याने शिक्षण सोडावे लागले. आता वरच्या पदासाठी पदवी ही किमान अट असल्यामुळे हे काम पुन्हा हाती घ्यावे, असे ठरवले आहे.

माझ्यासमोर तीन वाटा आहेत. जुन्याच विद्यापीठात परत जाऊन तिसरे वर्ष पूर्ण करणे ही पहिली. दुसरी म्हणजे मुक्त विद्यापीठात पहिल्या वर्षापासून नव्याने प्रवेश घेणे. तिथले वार्षिक शुल्क तिन्हींत सर्वांत कमी आहे. तिसरी एका खासगी ऑनलाइन संस्थेची आहे, जिचे प्रतिनिधी अठरा महिन्यांत पदवी मिळेल असे सांगतात आणि नोकरीच्या अनुभवाचेही क्रेडिट देऊ म्हणतात. कर्ज काढायचे नाही, एवढे नक्की आहे. विषय उत्तीर्ण झाल्यावर शुल्काचा काही भाग परत देण्याची सोय आमच्या कार्यालयात आहे. अभ्यासासाठी आठवड्याला दहा ते बारा तास मिळतील, त्याहून जास्त नाही.

या तिन्हींत स्वस्त कोणती, आणि तेरा वर्षांपूर्वीच्या त्या दोन वर्षांना आज काही किंमत उरली आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नोंदवही

मी काही वर्षे एका विद्यापीठाच्या प्रवेश विभागात बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जुन्या गुणपत्रिका तपासण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण तिन्ही ठिकाणच्या शुल्काची तुलना करत आहात, पण ज्या आकड्यावर ती तुलना उभी राहायला हवी तोच आपल्या प्रश्नात नाही. आपले जुने काम धरून प्रत्येक ठिकाणी नेमके किती विषय शिल्लक राहतात, हा तो आकडा. तो हाती आल्याशिवाय कमी वार्षिक शुल्काला काहीच अर्थ नाही, कारण जे विषय आपण एकदा उत्तीर्ण झाला आहात तेच पुन्हा पैसे भरून आणि पुन्हा रात्री जागून द्यायचे असतील, तर ते शुल्क कितीही कमी असले तरी वाया गेलेलेच असते.

पहिली गफलत क्रेडिटच्या, म्हणजे अभ्यासाचे काम मोजणाऱ्या श्रेयांकांच्या, आकड्यांत होते. क्रेडिट हे एकच माप सगळीकडे चालते असे लोक धरून चालतात, तसे ते नाही. अमेरिकेत पदवी साधारण १२० क्रेडिटची असते, युरोपातील ईसीटीएस पद्धतीत तीन वर्षांची पदवी १८० ची, इंग्लंडमधली ऑनर्स पदवी ३६० ची, तर भारताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला ४० प्रमाणे तीन वर्षांचे १२० होतात. म्हणजे १२० हा आकडा एका देशात पूर्ण पदवी आणि दुसऱ्या देशात जेमतेम एक वर्ष दाखवतो. आपले जुने शिक्षण क्रेडिट पद्धत येण्याआधीचे आणि केवळ गुणांचे असेल, तर तपासणारा माणूस विषयाचे नाव, अभ्यासक्रमातील घटक आणि शिकवण्याचे तास पाहून ते काम किती क्रेडिटच्या बरोबरीचे आहे हे ठरवतो. म्हणूनच नुसती गुणपत्रिका पुरत नाही. आपण शिकलात त्या वर्षीचा छापील अभ्यासक्रम सोबत लागतो, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक अर्ज रखडायचे ते याच कागदापायी.

दुसरी गफलत अधिक महागात पडते. जुने क्रेडिट ‘स्वीकारले’ जाणे आणि ते ‘उपयोगी पडणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा आपले आठ विषय नव्या संस्थेने स्वीकारले, पण त्यांपैकी पाच ऐच्छिक विषयांच्या रकान्यात टाकले आणि त्या पदवीत ऐच्छिक विषयांना जागाच फक्त दोनांची आहे. तर तीन विषय कागदावर दिसतात, परंतु पदवी त्यांनी एका पावलानेही जवळ येत नाही. ही मेख प्रवेशापूर्वी सहसा कोणी उलगडून सांगत नाही. त्यामुळे ‘माझे किती क्रेडिट घ्याल?’ असे विचारू नये. ‘माझे जुने विषय धरल्यावर या विशिष्ट पदवीसाठी कोणकोणते विषय शिल्लक राहतील, त्यांची नावे कळवा’ असे विचारावे, आणि उत्तर लेखीच मागावे. शुल्क भरण्याआधी असे लेखी उत्तर द्यायला जी संस्था टाळाटाळ करते, ती भरल्यानंतर अधिक मोकळेपणाने बोलेल अशी आशा मी तरी करणार नाही.

तिसरे असे की, इतरत्र केलेले काम कितीही असले तरी पदवी देणारी संस्था त्यातील काही हिस्सा स्वतःकडेच पूर्ण करायला लावते. अमेरिकेत अनेक ठिकाणी ही अट किमान एक चतुर्थांशाची, म्हणजे १२० पैकी ३० क्रेडिटची असते. पुष्कळ ठिकाणी शेवटच्या वर्षाचे मुख्य विषय तिथेच करावे लागतात. नेमका आपला शेवटच्या वर्षाचाच भाग राहिला आहे, त्यामुळे ही अट आपल्याला तितकीशी जाचणार नाही. मात्र जुन्या क्रेडिटला मुदत असू शकते, हे विचारून घ्या. भारतात २०२१ पासून सुरू झालेल्या शैक्षणिक क्रेडिट बँकेत जमा क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. इतरत्र अशी सरसकट मुदत नसली तरी करविषयक कायदे किंवा संगणक यांसारखे विषय जुने झाले म्हणून नाकारले जातात, आणि सांख्यिकी किंवा अर्थशास्त्राची मूलतत्त्वे सहसा नाकारली जात नाहीत.

म्हणून माझ्या मते पहिला अर्ज जुन्या विद्यापीठाकडे करावा. पदवी पूर्ण करण्याची कमाल मुदत उलटून गेली असेल, अभ्यासक्रमही बदलला असेल. तरीही जुन्या विषयांना नवे कोणते विषय समकक्ष धरायचे याचा तक्ता त्यांच्याकडे बहुधा असतो, आणि मुदतीबाहेरच्या विद्यार्थ्याला विशेष परवानगी देण्याची तरतूदही अनेक ठिकाणी असते. तिथे नकार मिळाला तरी अर्जाचे श्रम फुकट जात नाहीत, कारण प्रमाणित गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाची प्रत हे दोन्ही कागद पुढे कुठेही लागणारच आहेत. जुनी एखादी थकबाकी असेल तर ती आधी चुकती करा. ग्रंथालयाच्या एका पुस्तकापायी गुणपत्रिका अडकून पडलेली मी पाहिली आहे.

रात्रपाळी

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण त्यात वेळेचा हिशेब आलेला नाही, आणि नोकरदाराची पदवी पैशांच्या आधी वेळेपायी अडते असा माझा अनुभव आहे.

क्रेडिटची मापे वेगळी असली तरी त्यांच्यामागचे तास बरेच जवळ येतात. ईसीटीएसमध्ये एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास धरतात आणि वर्षाचे ६० क्रेडिट असतात. इंग्लंडमध्ये एका क्रेडिटला १० तास आणि वर्षाचे १२०. भारतीय आराखड्यात एका क्रेडिटला ३० तास आणि वर्षाचे ४०. थोडक्यात, पदवीचे एक वर्ष म्हणजे १२०० ते १८०० तासांचे काम. खालचा आकडा धरला तरी आठवड्याला बारा तास देणाऱ्याला ते पुरे करायला शंभर आठवडे लागतात, म्हणजे सुट्या आणि आजारपणे धरून दोन वर्षे. या हिशेबाने आपले उरलेले एक वर्ष दोन वर्षांचे होईल, आणि मुक्त विद्यापीठात पहिल्यापासून सुरुवात केली तर सहा वर्षे लागतील. अठरा महिन्यांचा दावा करणाऱ्यांनी आपले किती विषय आधीच पूर्ण झालेले धरले आहेत, हे या गणिताने तपासून पाहा.

मी स्वतः पाळीच्या नोकरीत पदवी पूर्ण केली. पहिल्या सत्रात उत्साहाच्या भरात चार विषय घेतले, आणि त्यांतल्या दोन विषयांच्या परीक्षेला बसताही आले नाही. संस्थेच्या नियमानुसार माघार घेण्याची तारीख उलटून गेली होती, त्यामुळे त्या दोन विषयांचे शुल्क पूर्ण गेले आणि गुणपत्रिकेवर अनुपस्थितीचा शेराही राहिला. चूक माझीच होती. ती तारीख माहितीपत्रकात छापलेली होती. पुढे मी सत्राला दोनच विषय घेतले, माघारीच्या तारखेच्या आधीच्या रविवारी बसून स्वतःला विचारायचो की हे जमणार आहे का, आणि एकदा खरोखरच एक विषय सोडून दिला.

आणखी एक बाब म्हणजे विषयांची साखळी. शेवटच्या वर्षाचे काही विषय एकापाठोपाठ एकच घेता येतात, कारण एक उत्तीर्ण झाल्याखेरीज पुढच्याला बसू देत नाहीत, आणि काही विषय वर्षातून एकाच सत्रात उघडतात. त्यामुळे सहा विषय उरले म्हणजे तीन सत्रांत संपतील, असे गृहीत धरू नका. आधी साखळी कागदावर काढा आणि तिच्यातला पहिला विषय सर्वांत आधी घ्या.

अपूर्णांक

दोघांचेही मनापासून आभार. आठवड्याला बारा तास हे मी फार मोठ्या दिमाखात लिहिले होते. त्याचा अर्थ शंभर आठवडे होतो हे वाचून जरा गप्प बसलो. अनुभवाच्या क्रेडिटबद्दल मात्र अजून उलगडा झालेला नाही. हिशेबाच्या कामाचा माझा दहा वर्षांचा अनुभव खरोखर एखाद्या विषयाच्या ऐवजी धरला जाऊ शकतो, की हे केवळ गिऱ्हाईक ओढण्यासाठीचे बोलणे आहे?

कसोटी

दोन्ही शक्य आहे, आणि कोणते ते ओळखण्याची खूण सोपी आहे. अनुभवाला कोणतीही धड संस्था क्रेडिट देत नाही. त्या अनुभवातून आपण जे शिकलात ते कोणीतरी तपासल्यानंतर देते. फ्रान्समध्ये २००२ च्या कायद्याने कामाच्या अनुभवावर आधारित पूर्ण पदवी मिळवण्याचाही मार्ग खुला झाला, पण तिथे सविस्तर लेखी फाइल सादर करून परीक्षक मंडळासमोर बसावे लागते, आणि मंडळ काही भागच मान्य करून उरलेला पूर्ण करायला सांगू शकते. याउलट अर्ज, अनुभवाचा दाखला आणि पैसे पाठवले की पदवी घरपोच येते असे कोणी म्हणत असेल, तर तो कागद विकत आहे. म्हणून प्रतिनिधीला एवढेच विचारा की तपासणी कोण करते, कशी करते आणि नापास होण्याची सोय आहे का. नापास होता येत नसेल तर त्या क्रेडिटला बाहेर किंमत नाही.

प्रत्यक्षात याचे दोन मार्ग असतात. पहिला मार्ग थेट परीक्षेचा: वर्गात न बसता विषयाची परीक्षा द्यायची आणि उत्तीर्ण झाल्यास क्रेडिट घ्यायचे. अमेरिकेतील क्लेप या परीक्षा १९६० च्या दशकापासून हेच काम करतात. ही कल्पना मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून कुठेही शिकलेल्या माणसाला आपल्या परीक्षेला बसू देण्यास सुरुवात केली, आणि त्या वाटेने जगभरातल्या नोकरदारांनी पदव्या घेतल्या. दुसरा मार्ग पुराव्यांच्या फाइलचा. त्यात विषयाच्या प्रत्येक अपेक्षित निष्पत्तीसमोर आपल्या कामाचा नमुना आणि त्यातून काय शिकलो याचे लेखन जोडावे लागते. आपल्यासारख्या हिशेबातील माणसाला पहिला मार्ग स्वस्त पडेल, कारण फाइल तयार करण्यात जितके तास जातात तितक्यात एक विषय सरळ अभ्यासून होतो, आणि फाइल तपासण्याचे शुल्क निकाल काहीही लागला तरी परत मिळत नाही.

मात्र आपल्याला बहुधा प्राथमिक लेखाकर्माचेच क्रेडिट अनुभवावर मिळेल, आणि तो विषय तर आपण पहिल्या वर्षी उत्तीर्ण झालेला असणार. राहिलेल्या विषयांशी अनुभव जुळतो का ते आधी पाहा. जुळत नसेल तर या फंदात पडू नका.

ऑनलाइन अभ्यासक्रमांचे तसेच आहे. भारतात स्वयम् या सरकारी व्यासपीठावरील विषयांचे क्रेडिट सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत घेण्याची मुभा २०२१ च्या नियमांनी विद्यापीठांना दिली आहे, पण मुभा असणे आणि आपल्या विद्यापीठाने तो विशिष्ट विषय मान्य करणे यांत अंतर आहे. मान्यतेचे पत्र हातात येईपर्यंत असा अभ्यासक्रम ज्ञानासाठी करावा, पदवीसाठी नव्हे.

जमाखर्च

आता खर्चाकडे वळतो, कारण मूळ प्रश्न तोच होता. आपण स्वतः हिशेबात आहात, तेव्हा शुल्क कशावर आकारले जाते हे पाहण्याचे महत्त्व आपल्याला पटेल. समजा मुक्त विद्यापीठाचे वर्षाचे शुल्क १०० आणि जुन्या विद्यापीठाचे १८० आहे. पहिल्यापासून सुरुवात केली तर मुक्त विद्यापीठाचे तीन वर्षांचे ३०० होतात आणि जुन्याचे उरलेल्या एका वर्षाचे १८०. पण जुने विद्यापीठ विषयागणिक नव्हे तर वर्षागणिक शुल्क घेत असेल आणि आपण तेच वर्ष दोन वर्षांत पसरवणार असाल, तर ते ३६० होते. अर्थात मुक्त विद्यापीठही वर्षागणिक नव्याने शुल्क घेत असेल, तर तिथली तीन वर्षे आपल्या वेगाने सहा होऊन ६०० पर्यंत जातात. ज्याचा वेग कमी आहे त्याने विषयागणिक शुल्क शोधावे. उलट ज्याला विषय आधीपासून येतात आणि वेळही आहे, त्याला ठरावीक मुदतीचे एकरकमी शुल्क परवडते. १९९७ मध्ये स्थापन झालेले अमेरिकेतील वेस्टर्न गव्हर्नर्स विद्यापीठ सहा महिन्यांच्या सत्राचे असे शुल्क घेते, आणि त्यात जितके विषय पूर्ण होतील तितके करता येतात. आठवड्याला बारा तासवाल्यासाठी तो सौदा नाही.

‘विनाशुल्क’ हा शब्दही नीट वाचावा. २००९ मध्ये सुरू झालेली युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल शिकवण्याचे पैसे घेत नाही, परंतु अर्जाचे आणि प्रत्येक विषयाच्या मूल्यमापनाचे घेते. ती हे लपवत नाही. वाचणारेच पुढचे वाक्य वाचत नाहीत. कोणत्याही संस्थेच्या बाबतीत परीक्षा, फेरपरीक्षा, जुन्या क्रेडिटची तपासणी, दरवर्षीची फेरनोंदणी, पदवी प्रमाणपत्र आणि परीक्षेसाठी घ्यावी लागणारी बिनपगारी रजा हे सारे त्याच बेरजेत धरले पाहिजे.

कार्यालयाच्या परताव्याबद्दल एक सूचना. उत्तीर्ण झाल्यावर पैसे मिळणार असतील तर एका सत्राचे शुल्क कायम आपल्या खिशातून फिरत राहील, म्हणून तेवढी रक्कम आधी बाजूला ठेवा आणि पहिल्या सत्राचा परतावा मिळाला की तोच दुसऱ्या सत्राला वापरा. प्रवेशापूर्वी लेखी मंजुरी लागते का, किमान किती गुण हवेत, आणि परतावा घेतल्यानंतर किती काळ नोकरी सोडता येत नाही, ही तीन कलमे नीट वाचा. तिसरे कलम विसरून अनेकांनी चांगली नोकरी मिळताच सगळा परतावा एकरकमी परत केला आहे.

एका बाबतीत मात्र मी वरच्या मताशी थोडा असहमत आहे. जुने विद्यापीठच पहिले, हे वाणिज्य पदवीच हवी असेल तर ठीक. पण आपल्या पदोन्नतीला केवळ ‘कोणतीही मान्यताप्राप्त पदवी’ पुरत असेल, तर विषयांची मोकळी निवड असलेली सर्वसाधारण पदवी शोधावी. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीची ओपन पदवी याच धर्तीची आहे. अशा पदवीत ऐच्छिक विषयांची जागा मोठी असल्याने जुने क्रेडिट अधिक खपतात. अटीचे नेमके शब्द मनुष्यबळ विभागाकडून मागवून घ्या, आणि दूरस्थ पदवी त्यांना चालते का हेही त्याच पत्रात विचारा.

नोंदवही

ही दुरुस्ती मला मान्य आहे. फक्त त्या संस्थेला, त्या अभ्यासक्रमासाठी आणि आपण प्रवेश घ्याल त्या वर्षासाठी मान्यता आहे का, हे नियामक संस्थेच्या यादीत स्वतः पाहा. संस्थेच्या जाहिरातीवरील शिक्क्यावर विसंबू नका. शिवाय आपली पूर्ण झालेली दोन वर्षे काही देशांत स्वतंत्र पदविकेस पात्र ठरतात, जसे इंग्लंडमध्ये २४० क्रेडिटवर उच्च शिक्षण पदविका मिळते. जुने विद्यापीठ तसे प्रमाणपत्र देत असेल तर लगेच घ्या, कारण पुढच्या संस्थेला तेरा वेगवेगळे विषय तपासण्यापेक्षा एक पदविका मान्य करणे सोपे जाते.

अपूर्णांक

मनुष्यबळ विभागाचे उत्तर आले. अट ‘कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी’ अशीच आहे आणि दूरस्थ पदवी चालते. खासगी संस्थेच्या प्रतिनिधीला, अनुभवाच्या तपासणीत नापास होता येते का, असे विचारले. त्यांनी ‘काळजी करू नका’ असे उत्तर दिले, म्हणून ती वाट मी बंद केली. जुने विद्यापीठ आणि मुक्त विद्यापीठ या दोघांनाही, शिल्लक विषयांची नावे कळवा, असे पत्र पाठवले आहे. मुक्त विद्यापीठाला थेट तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाबद्दलही विचारले आहे. ते शक्य असू शकते हे मला आजवर सुचलेच नव्हते.

एकच अडचण आहे. त्या वर्षीचा छापील अभ्यासक्रम जुन्या पेटीत सापडला, पण त्याचे मुखपृष्ठ फाटलेले आहे. तो चालेल का?

नोंदवही

मुखपृष्ठ नसले तरी चालते, परंतु ज्या पानावर शैक्षणिक वर्ष छापलेले आहे ते पान शाबूत हवे. त्या पानासह संपूर्ण प्रत जुन्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळ विभागाकडे न्या आणि प्रत्येक पानावर शिक्का मारून घ्या. मूळ प्रत कोणालाही देऊ नका.